पाठीत सळया असलेला मुलगा

बिश्केकच्या हाडांच्या इस्पितळात, एक्स-रेच्या रांगेत मीरिमच्या हातातलं पाकीट निसटलं आणि पुढे उभ्या असलेल्या तरुणाच्या पायाशी पडलं. तो नुसता बघत राहिला.

"उचलायला काही हरकत?"

"माझी नाही, पाठीची आहे. दोन सळया, अठरा स्क्रू... वाकता येत नाही."

"मला सरळ होता येत नाही," म्हणत तिनंच ते उचललं. दोघंही हसले.

तो काराकोलचा कुबान. पंधरा दिवसांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं होतं. नारिनच्या मीरिमचं येत्या शुक्रवारी होतं. तेराव्या वर्षापासून तिची पाठ खांद्यांपाशी गोल होत गेली होती.

रोज दुपारी दोघं अंगणातल्या बाकावर चहा पीत. पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत असे. मीरिम नेहमी भिंतीला पाठ लावून बसे.

"ती भिंत पडणार नाही," कुबान एकदा म्हणाला. "सोड तिला."

ती लाजली... पण जरा पुढे सरकली.

"पाय गेले तर, कुबान? डॉक्टरांनी सांगितलंय, तसंही होऊ शकतं."

"मग करतेस कशाला?"

"आई म्हणते, लग्न जमेल. मला मात्र... उन्हाळी कुरणापर्यंत दम न लागता चढायचंय."

"मग त्यासाठीच कर. लग्नासाठी नको. लग्नाला मला तू अशीही चालतेस."

थट्टाच असेल, असं तिला वाटलं. गुरुवारी त्याला घरी सोडलं. फोन नंबर ना त्यानं दिला, ना तिनं मागितला.

शुद्धीवर येताच तिनं पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. ती रडली, आणि पहिल्यांदा त्यालाच सांगावंसं वाटलं. नारिनला परतली तेव्हा सगळे झगे आखूड झाले होते. आई आरशासमोर तिला पुन्हा पुन्हा उभी करी. मीरिमची नजर मात्र रस्त्यावर असे. थट्टा नसती, तर निदान नंबर तरी मागितला असता ना त्यानं?

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ती तपासणीला आली. डॉक्टर जुन्या रुग्णांना गुरुवारीच बघत. अंगणातल्या बाकावर कुबान होता.

"तुझीही तपासणी?"

"माझी ऑगस्टमध्येच झाली."

"मग?"

"तुझी कुठल्या गुरुवारी, ते ठाऊक नव्हतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून... प्रत्येक गुरुवारी."

काराकोलहून सहा तासांचा रस्ता. मीरिमनं शेजारी बसून त्याच्याकडे पाहिलं... आता मान न उचलता, सरळ समोर.

"पुढच्या गुरुवारी इथं येऊ नकोस," ती म्हणाली. "नारिनला ये. आईशी बोलायचंय तुला."