मुठीतलं नाव

क्युपर्टिनोत आम्ही राहायचो ते अपार्टमेंट स्टीव्हन्स क्रीक रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. साल दोन हजार सहा. माझा नवरा सिद्धेश सकाळी आठला लॅपटॉपची बॅग अडकवून जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे त्याच्या व्हिसाला लटकलेली. नोकरी करायला बंदी. पुण्यात चार वर्षं जपानी शिकवलेली बाई इथे पाच वर्षं पोळ्या लाटत बसली होती. मुळात माझा स्वभाव गरीब गायीचा नाही, त्यात हे.

म्हणून काकांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

काकांना सगळं गाव ओळखायचं. एकोणसत्तर साली पुण्याहून आलेले, चिपच्या कंपनीतून रिटायर झालेले, दोनदा मंडळाचे अध्यक्ष. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणायचे. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं ऐसपैस घर होतं आणि मागच्या खोलीत तेवीस तलवारी होत्या, काही जपानी, काही चिनी. या तलवारींच्या शब्दांचा कोश त्यांना काढायचा होता आणि ती चिन्हं वाचणारं माणूस हवं होतं.

"पगार देता येणार नाही हं बाळ. तुझा व्हिसा," ते म्हणाले. "पण पुस्तकावर नाव येईल की!"

मला नावच हवं होतं. या देशात माझ्या नावावर काही नव्हतं, विजेचं बिलसुद्धा सिद्धेशच्या नावावर होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते तीन मी त्या खोलीत बसायचे. पात्यांना लावायच्या तेलाला लवंगेचा वास असायचा. मला लहानपणची दाढदुखी आठवायची. अकराला सुलेखाकाकू चहा आणून ठेवायच्या. काम मात्र झकास होतं. चिनीत दुधारी तलवार ती जिआन, एकधारी ती दाओ. दाओचं चिन्ह दोन रेघांचं, त्यावर एक ठिपका दिला की त्याचा अर्थ होतो धार. एवढासा ठिपका, पण कापतो तोच. जपानीत म्यानाबाहेरच्या उघड्या पात्याला 'मी' म्हणतात. वहीत मी देवनागरीत लिहिलं, 'मी : उघडं पातं', आणि स्वतःशीच हसले. म्हटलं, अगदी बरोबर.

मुठीच्या आत पात्याची जी शेपटी लपलेली असते तिला नाकागो म्हणतात. आमच्या रत्नागिरीच्या कानांना ते 'नका गो' असंच ऐकू येतं. एखादी बाई भलतंच काही करायला निघाली की शेजारीण म्हणते तसं. कारागीर आपलं नाव कोरतो ते या शेपटीवर. पुढे कुणाला तलवार आखूड करून हवी असली तर टोकाकडून कापत नाहीत, शेपटीकडून कापतात. नाव उभं कोरलेलं असतं, त्यामुळे ते खालून जातं. शेवटचं अक्षर आधी.

अकरा नंबरची तलवार तशीच कापलेली होती, बिननावाची. काकांची ती फार लाडकी. एकदा त्यांनी पितळी हातोडीनं बांबूची खुंटी काढून, मूठ उतरवून मला शेपटी दाखवली. तव्याच्या बुडासारखी काळी.

"चारशे वर्षांचा गंज आहे, बाळ. हात नाही लावायचा. गंज हाच तिचा जन्मदाखला."

ऑक्टोबरात चारशे बारा शब्द पूर्ण झाले. मुखपृष्ठाचं पान मी छापून नेलं. वर काकांचं नाव, खाली माझं. काकांनी ते हातात धरून बराच वेळ वाचलं. मग अकरा नंबर म्यानातून काढली, पान हवेत उभं धरलं आणि पातं आडवं फिरवलं. आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या नावाची पट्टी जमिनीवर पडली.

"बघितलीस धार?" ते कौतुकानं म्हणाले. "असं आहे बाळ, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुझं आभारात टाकू ना."

"काका, चारशे बारातले तुमचे शब्द किती?"

"कलेक्शन माझं आहे," ते हसत म्हणाले आणि पातं पुसायला लागले.

मी वाकून ती पट्टी शोधली. टेबलाखाली, खुर्चीखाली, गालिचा उचलून. कागद कुठे जाणार? पण पट्टी मिळाली नाही.

मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर कोश आयताच त्यांचा झाला असता. तपासणी बाकी होती, ती करत राहिले आणि दर मंगळवारी नावाचं विचारत राहिले. दर मंगळवारी ते हसत राहिले.

नोव्हेंबरात लायब्ररीचं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव अर्धवट होतं, 'आसाव'. म्हटलं प्रिंटर बिघडला असेल. दातांच्या डॉक्टरकडच्या फायलीवरही तेच. अमेरिकेत आपल्या नावांची मोडतोड काय नवी आहे? तरी घरी येऊन मी पुण्याहून आणलेली जपानीच्या वर्गातली वही काढली. पहिल्या पानावर माझ्याच हातानं, शाईच्या पेनानं लिहिलेलं होतं: आसाव. खाडाखोड नाही, कागद कुठे खरवडलेला नाही. शिरोरेषा 'व'पाशी संपत होती आणि पेन उचलल्यावर शाईची जी बारीक गाठ येते ती तिथे होती.

मी तर्कानं चालणारी बाई आहे. वही मिटली, चहा केला, परत उघडली. आसाव.

डिसेंबरात ते 'आसा' झालं. वहीत, पासपोर्टवर, सगळीकडे. सिद्धेशला दाखवलं तर तो पासपोर्टकडे बघत म्हणाला, "हो मग? असंच आहे ना तुझं नाव? अगं, तू झोपत नाहीयेस नीट."

त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. सिद्धेश मला 'अगं' म्हणतो. रत्नागिरीहून आई फोनवर 'काय गो' म्हणते. काका 'बाळ' म्हणतात. माझं नाव घेणारं माणूस उरलंच नव्हतं, मग ते गेल्याचं कळणार कुणाला? मला धडकी भरली. दुसऱ्या दिवसापासून रोज आंघोळीनंतर आरशासमोर मी माझं पूर्ण नाव मोठ्यानं दहा वेळा म्हणायला लागले. शेजारच्या बाईनं भिंत ठोकली तरी म्हणत राहिले.

जानेवारीत काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शनिवारची दुपार. बायकांचे उखाणे झाल्यावर कुणीतरी टूम काढली की आता पुरुषांनी नावं घ्यायची. सिद्धेशला अशा गोष्टींचा उत्साह. तिळगुळाची वडी तोंडात टाकून तो उभा राहिला.

"टू-एटीवर ट्रॅफिक जाम, घरी पोचायची घाई..."

आणि थांबला.

"आ..." तो म्हणाला. "आ..."

बायका खो खो हसल्या. "अरे, बायकोचं नाव विसरला!" सिद्धेशही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता. काका सोफ्यावरून माझ्याकडे बघत होते आणि तेवढे एकटेच हसत नव्हते. काही ठाऊक असल्यासारखे नव्हे. मी कोण, हे आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे.

गाडीत बसल्यावर सिद्धेशनं किल्ली फिरवली नाही. "आय ॲम सॉरी यार," तो म्हणाला. "मी जोक नव्हतो करत. मला येतच नाहीये. अजूनही." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. माझंही रडू फुटलं. मी त्याला माझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि 'आ'च्या पुढे माझीही जीभ हलेना.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. "आज सोमवार ना गं?" म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या. काका मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. खोलीच्या खिडकीतून दिसत होते.

मी अकरा नंबर उतरवली. खुंटी काढली. मूठ ओढली.

शेपटी तशीच काळी होती. मात्र खालच्या कापलेल्या कडेजवळ उभी तीन अक्षरं होती. सा. व. री. देवनागरीत कोरलेली, आणि खाचांच्या तळाशी तोच चारशे वर्षांचा गंज. नखानं खरवडून पाहिलं. निघाला नाही.

वर एका अक्षराची जागा मोकळी होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून मोठा आला तो संताप. माझं नाव? वर्षभर डोळे फोडून चारशे बारा शब्द लावले ते काय हिला भरवायला? माझं जे आहे ते मी कागदावरही सोडणार नव्हते आणि लोखंडावरही.

गराजमधून छिन्नी आणि हातोडी आणली. शेपटीला पाणी दिलेलं नसतं, तिथलं लोखंड मऊ असतं. कोशात मीच लिहिलं होतं.

तलवार पालथी केली. ही बाजू कोरी होती.

"नाव पाहिजे ना?" मी म्हटलं. "घे. ज्याला एकट्याचं हवं होतं त्याचं घे."

पहिलं अक्षर कोरलं. दुसरं कोरलं. लवंगेचा वास इतका वाढला की डोळ्यांत पाणी आलं. जोडाक्षरावर छिन्नी सटकली आणि माझा अंगठा फाटला.

"नका गो."

अगदी कानाशी. बाईचा आवाज की पुरुषाचा, कळलं नाही.

मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीबाहेर काका पाइप धरून उभे होते. पाणी त्यांच्या बुटांवर पडत होतं आणि ते घराकडे बघत होते, कुणी हाक मारली म्हणून थांबल्यासारखे.

"माझ्या वेळी कुणी म्हणालं होतं का 'नका'?" मी म्हटलं.

आणि शेवटचं अक्षर ठोकलं.

संध्याकाळी सातला दार वाजलं. सिद्धेश बूट न काढता आत आला आणि स्वयंपाकघरापर्यंत ओरडत आला. "आसावरी! आसावरी! आसावरी!" मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले. वहीत चारही अक्षरं होती. शाईची गाठ आता 'री'च्या वर होती.

प्रकाशकाला मी फाइल पाठवली ती माझ्या नावानिशी. त्यांचं उत्तर आलं, छान, पण वर एका ओळीची मोकळी जागा का सोडली आहे? ती काढून टाकली तर चालेल का? मी चालेल म्हणून कळवलं. मला पश्चात्ताप झालेला नाही. कुणी विचारलं तर आजही हेच सांगेन.

मार्चमध्ये मंडळाचा पाडवा होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. दाराशी टेबल, त्यावर नावं लिहायची स्टिकर्स आणि काळे मार्कर. मी माझं नाव देवनागरीत लिहिलं, ठळक, स्टिकरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

शेजारी काका उभे होते. एका हातात कोरं स्टिकर, दुसऱ्या हातात टोपण काढलेला मार्कर. मागे रांग वाढत होती.

"अहो, लिहा ना. लोक खोळंबलेत," सुलेखाकाकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या त्यांना अहोच म्हणत आल्या होत्या. त्यांना वेगळं काही जाणवलंच नव्हतं.

काका माझ्याकडे वळले. गेल्या दोन महिन्यांत बरेच वाळले होते. "बाळ, जरा तू लिहितेस?" ते हळूच म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मला दया आली, खोटं कशाला बोलू? त्यांच्या हातातला मार्कर मी घेतला आणि स्टिकरवर टेकवला. अंगठ्यावरचा व्रण समोर होता. जोडाक्षरावर छिन्नी सटकली होती, तेवढं नक्की आठवत होतं. कुठल्या जोडाक्षरावर, ते आठवेना.

मार्कर जिथे टेकला होता तिथे शाई पसरत गेली. एक ठिपका उमटला.

"झालं?" काकांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी स्टिकर घेतलं, छातीवर तळहातानं नीट दाबून बसवलं आणि काकूंच्या मागोमाग हॉलमध्ये गेले.