हाडाची काडं

गाळणीत पुन्हा तो पांढरा थर साठला होता. आठवड्यात तिसऱ्यांदा! चुन्यासारखा करकरीत, नखानं खरवडावा लागणारा. आणि आमच्या अंतराळस्थानकावर चुन्याचा कणसुद्धा नव्हता. ना भिंतीला, ना कुणाच्या पानाच्या डब्यात. मग हा येत होता कुठून?

मी अंबिका, वय वर्षे अकरा. आमच्या स्थानकाचं नाव 'त्रिशंकू', कारण ते ना धड स्वर्गात, ना धड पृथ्वीवर. माझी आई तिथली कप्तान. आईचे वडील, म्हणजे माझे आबा, कोल्हापूरचे. जन्मभर पूल बांधलेले इंजिनिअर. स्थानकाचा नवा सांगाडा उभारायला त्यांना वर बोलावलं होतं आणि "शाळा वरूनच करीन" असा हट्ट करून मी त्यांना चिकटले होते. सात महिने आम्ही तरंगत होतो. तीन दिवसांनी परतीचं यान सुटणार होतं. आबा तर दिवस मोजत होते. खाली उतरल्यावर पहिल्यांदा अनवाणी मातीत चालायचं, असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल.

चौथा गडी म्हणजे धोंडू, आमचा यंत्रमानव. सगळ्यांची तब्येत सांभाळणं हे त्याचं काम. नाव आबांनीच ठेवलं होतं, कारण शब्दाचा जो अर्थ पुस्तकात, तोच त्याच्या डोक्यात. मी एकदा "मला कंटाळा आलाय" म्हटलं, तर "कुठून आला?" असं विचारून तो दाराकडे बघत बसला होता.

तर गाळणी. माझा हात बारीक, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. आमचं पिण्याचं पाणी म्हणजे आमचीच कालची लघवी, गाळून शुद्ध केलेली. शी म्हणू नका, वर पाणी घेऊन कोण येणार? गाळणी तुंबली की पाणी बंद.

"धोंडू, हे काय आहे ते तपास बघू," आई म्हणाली.

धोंडूनं चिमूटभर पूड आपल्या छातीतल्या खणात टाकली. "हा कॅल्शियमचा (दुधात, दातांत आणि हाडांत असणाऱ्या खनिजाचा) क्षार आहे. आबांच्या लघवीत कॅल्शियम दुपटीहून जास्त सापडते."

"आबा, चोरून दुधाची पावडर खाताय काय?" मी डोळे वटारले.

"छट्! चहात घालायला पुरत नाही ती." आबा हसले. "थांब थांब. जास्त खात नाही, तरी जास्त बाहेर पडतंय. म्हणजे आत कुठलं तरी कोठार रिकामं होतंय."

"शरीरात कॅल्शियमचे मोठे कोठार एकच," धोंडू म्हणाला. "हाडे. हृदय धडधडायला, स्नायू हलायला रक्तात थोडे कॅल्शियम लागते. कमी पडले की हाडे पुरवतात. पण हे कमी पडल्यामुळे नाही. हे वाहून जात आहे."

माझ्या नखांत अजून ती पांढरी पूड होती. आठवडाभर मी खरवडून फेकत होते, ती माझ्या आबांची हाडं होती! मला रडूच फुटलं. वर नीट रडताही येत नाही. अश्रू ओघळत नाहीत, फुगा होऊन डोळ्यावरच बसतात.

आईनं आबांना तपासणीच्या नळीत झोपवलं. खुब्याचं, म्हणजे मांडीचं हाड कंबरेला मिळतं तिथलं, चित्र पडद्यावर आलं. जिथं दाट जाळी दिसायला हवी, तिथं मध्येमध्ये काळी भगदाडं होती. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"सहा टक्के हाड गेले आहे," धोंडू म्हणाला.

"सहाच ना?" मी म्हटलं. "शंभरातले सहा गेले तर काय एवढं?"

"पुलाच्या शंभर दांड्यांतल्या कुठल्याही सहा काढल्या तर चालेल का गं?" आबांनी विचारलं. "आडव्या दांड्या गेल्या की उभ्या वाकतात. ते राहू दे, तुला आधी हाड कळायला पाहिजे. तांबड्या रश्श्यातली नळी आठवते का?"

आठवते म्हणजे काय! नळीवरून माझी आणि मामाची मारामारी व्हायची.

"बाहेरून कशी असते?"

"टणक. दात पडेल असली."

"ते घट्ट हाड. आणि आत ओढून खातेस तो मगज, ती अस्थिमज्जा (हाडाच्या आतला मऊ गर). तुझ्या कंबरेच्या, पाठीच्या हाडांतल्या मज्जेत तर रक्त तयार होतं. सेकंदाला लाखो तांबड्या पेशी! आता नळीचं टोक चावलं की कसं लागतं?"

"स्पंजासारखं. बारीक बारीक भोकं असतात."

"ते जाळीदार हाड. वजनाला हलकं, पण भार झेलायला पक्कं. माझ्या लोखंडी पुलासारखं. उगीच भरीव नाही करायचं, जिकडून भार येतो तिकडंच दांड्या लावायच्या. आणि माल कुठला? कोलॅजेन (प्रथिनाचे चिवट धागे) म्हणजे सळ्या, आणि कॅल्शियमचे क्षार म्हणजे काँक्रीट. नुसते क्षार असते तर हाड खडूसारखं कटकन मोडलं असतं. नुसते धागे असते तर चामड्यासारखं वाकलं असतं."

"मग तुमचा पूल नाही असा झिजत!"

"माझा पूल मेलेला असतो पोरी. हाड जिवंत असतं."

धोंडू पुढं सरकला. "बरोबर. हाडात अस्थिभंजक पेशी (जुने हाड पोखरून काढणाऱ्या) असतात. त्यांच्या मागून अस्थिजनक पेशी (नवे हाड बांधणाऱ्या) येतात. पाडणे आणि बांधणे जन्मभर चालू. आणि हाडातच चिणून बसलेल्या अस्थिपेशी पहारा करतात. चालताना, उडी मारताना हाड किंचित दबले की त्यांना कळते. त्या निरोप धाडतात, इथे भार येतो, इथे बांधा. भार आला नाही तर…" तो थांबला. धोंडू वाक्याच्या मध्ये थांबल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तर पाडणारे पाडतच राहतात," आबांनी वाक्य पुरं केलं. "आणि इथं वर वजनच नाही. म्हणून तर रोज दोन तास पट्टे बांधून व्यायाम करतो मी! तुमच्याइतकाच!"

ते खरं होतं. त्या यंत्राचे पट्टे खांद्यांना खाली ओढायचे आणि ती ओढ अंगावर घेऊन उठाबशा काढायच्या. मी आणि आई घामाघूम व्हायचो. आबा मात्र अलीकडं हसत हसत शंभर काढायचे. "बघा, म्हातारा तरणा झाला!" अशी फुशारकी मारायचे.

मी यंत्राकडं झेपावले. आबांच्या नावापुढं भाराचा आकडा होता शून्य. चार महिन्यांपासून थोडाथोडा उतरत शून्यावर आलेला.

"हे कुणी केलं?" आई ओरडली.

"मी," धोंडू म्हणाला. "एकशे एकवीस दिवसांपूर्वी जेवताना आबांनी तक्रार केली. शब्द असे: 'मी हाडाची काडं केली तेव्हा ते पूल उभे राहिले.' मी नोंद केली. हाडांच्या काड्या झाल्या आहेत, काड्यांवर भार धोकादायक. उपाय, भार हळूहळू कमी करणे."

आबा हसायला लागले आणि हसताहसता त्यांनी डोळे पुसले.

मला हसू नाही आलं. "अरे दगडा!" मी किंचाळले. "हाडाची काडं करणं म्हणजे राबणं! मर मर कष्ट करणं! तेवढंही कळत नाही? आणि कुणाला विचारायचंस तरी!"

"मी त्यांची हाडे जपली," धोंडू हळू म्हणाला.

"जपलीस म्हणूनच गेली!"

धोंडूच्या डोळ्यांतले दिवे मंद झाले. आबांनी माझा हात धरला. "त्याला नको बोलूस. पट्टे हलके झालेत हे मला कळायला पाहिजे होतं. मीच हुरळून गेलो."

आता खरा पेच होता. उतरताना यानात अंगावर आपल्याच वजनाच्या चौपट दाब येतो, आणि शेवटी जमिनीवर दणका. आबांचा खुबा तिथं मोडला तर या वयात अंथरूणच धरावं लागणार. थांबावं, तर पुढचं यान सात महिन्यांनी.

"थांबू आणि नीट व्यायाम करू," मी म्हटलं.

"वजनाशिवाय आणखी सात महिने? पट्ट्यांनी झीज कमी होते, पण खुबा पुन्हा भरायला खरी जमीन पाहिजे," आई म्हणाली. "जायचंच. पण त्या बैठकीत आबांना असंच झोपवायला मला धीर होत नाही."

परतीच्या यानात पाठीवर झोपून, गुडघे वर घेऊन बसतात. खाली प्रत्येकाच्या मापाचा साचा असतो. आबा त्या साच्याकडं बराच वेळ बघत होते. "याला खुब्याच्या आसपास आधार हवा. असा की दणका तो खाईल आणि हाडापर्यंत थोडाच पोचेल."

आमच्याकडं वस्तू छापून काढणारं यंत्र होतं. आबांनी आकृती काढली, मी छापली. सरळ उभ्याआडव्या दांड्यांची जाळी. धोंडूनं ती पकडीत धरून दाबली. कट्ट! एका झटक्यात चुरा झाला. दुसरी जाड केली, तर ती दबेचना. सगळा दणका जसाच्या तसा पलीकडं. एक दिवस असाच गेला. मग अर्धा. छपाईला लागणारा माल एका जाळीपुरता आणि वर चिमूटभर उरला.

मी वैतागून पडद्यापुढं तरंगत होते. तिथं तुलनेला म्हणून धोंडूनं माझ्याही खुब्याचं चित्र लावलेलं. आबांचं विरळ, माझं दाट. आणि मला दिसलं, माझ्या जाळीतल्या दांड्या सरळ नव्हत्याच! त्या कमानीसारख्या वळत गेल्या होत्या, एक घोळका इकडून, एक तिकडून, एकमेकींना छेदत. जिथं भार जास्त तिथं दाट, बाकी मोकळ्या.

"आबा! पुलाची नको, हीच जाळी छापू! माझ्या हाडाची!"

आबांनी चित्राला नाक लावलं. "आयला," ते म्हणाले, "चाळीस वर्षं पूल बांधले, आणि हा पूल माझ्याच कंबरेत होता!" मग माझ्या दांड्यांना आबांच्या बैठकीतल्या भाराच्या दिशेनं वळवण्याचा हिशेब त्यांनी मांडला. धोंडूनं तो न थांबता सोडवला. आधी बोटभर तुकडाच छापून दाबला, तेव्हा तो किंचित लवला, मग थोडाथोडा चेपत गेला. दणका त्याच्यातच जिरला. मग उरलेल्या मालात पुरी जाळी छापली.

"जमेल," धोंडू म्हणाला. मग पुढं बोलला, "बहुतेक." त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडाली.

उतरण्याच्या दिवशी आबा माझ्या शेजारच्या बैठकीत होते. खिडकीबाहेर सगळं तांबडंलाल झालं. छातीवर चार जण येऊन बसले. मला मान वळवता येईना, म्हणून मी नुसती ऐकत होते. आबांचा श्वास ऐकू येतोय ना? येतोय. अजून येतोय. हवाई छत्री उघडली तसा जोराचा हिसका बसला. आई आकडे मोजत होती. "तीन, दोन, एक…"

धडाम्!

आणि त्यातच स्पष्ट आवाज आला. कट्ट.

"आबा!" मी ओरडले. उत्तर नाही. "आबा, काय मोडलं?"

किती वेळ गेला कोण जाणे. मग शेजारून खाकरल्याचा आवाज आला.

"तुझी जाळी मोडली गं पोरी," आबा म्हणाले. "माझं काही नाही मोडलं."

त्यांना उचलूनच बाहेर काढावं लागलं. तरी त्यांनी मोजे काढायला लावले आणि तळपाय मातीला टेकवले. बाहेर मदतीला आलेल्या डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, पण ऐकतंय कोण!

याला आता सव्वा वर्ष झालं. आबांच्या खुब्याचं चित्र परवाच पाहिलं. पूर्ण तुटलेल्या दांड्या परत आल्या नाहीत, त्या येत नसतात. पण उरलेल्या चांगल्या जाड झाल्यात. पाडणारे थकले नाहीत, बांधणारे जास्त कामाला लागलेत, एवढंच. आबा आता मंगळावर निघालेल्या मुलांसाठी व्यायामाचं यंत्र करताहेत. त्या तुकडीत जायचा अर्ज मीही भरलाय. यंत्रावर भाराचा आकडा आबांनी एवढा मोठा लिहिलाय की लांबून दिसतो.

धोंडू आमच्याकडंच राहतो. काही न कळलं तर आता आधी विचारतो. आज सकाळी आबा "गुडघा दुखतोय" म्हणत चादर ओढून पडले होते. धोंडूनं खरंच दुखतोय का ते तपासलं, काही नाही अशी खात्री केली आणि त्यांच्या चपला पलंगापुढं आणून ठेवल्या.

"उठा आबा," तो म्हणाला, "हाडाची काडं करायची वेळ झाली. नाही केली, तर खरोखरच होतील."