दारावरच्या सात रेघा

“सात!” भोंगा ओरडला.

“हळू!” घारीने त्याच्या तोंडावर हात दाबला. अर्थात भोंग्याला हळू बोलता आलं असतं, तर त्याचं नाव भोंगा पडलंच नसतं.

तिघं घारीच्याच दारासमोर उकिडवी बसली होती. चौकटीवर, कडीच्या खाली, सात निळ्या रेघा होत्या. सुरीने ओढाव्यात तशा बारीक. नव्या शाळेच्या फाटकावर एक रेघ होती, वाचनालयाच्या कोपऱ्यावर दोन, सायकलवाल्याच्या बंद दुकानापाशी तीन. कोणीतरी शाळेपासून मोजत मोजत निघालं होतं आणि मोजणी संपली होती ती इथे!

“कोणीतरी तुझ्या मागावर आहे,” पुरावा म्हणाला. हा मुलगा पुराव्याशिवाय स्वतःचा वाढदिवससुद्धा मान्य करत नसे. तोच असं म्हणाला, तेव्हा घारीने वळून रस्त्यावर दोन्हीकडे नजर टाकली.

“तुझ्या आईला सांगूया!” भोंगा म्हणाला.

“मुळीच नाही!”

सुट्टी संपली की नवी शाळा सुरू होणार होती. वाट वीस मिनिटांची. मी एकटी जाणार, असा धोशा घारीने आठवडाभर लावला होता. “अकरा वर्षांची पोर, आणि एकटी?” आई म्हणाली होती. “आजोबा सोडतील, आजोबा आणतील.” बाबांनी वर्तमानपत्रामागून “बरोबर आहे” म्हटलं होतं. वर्तमानपत्रामागून बाबांना सगळंच बरोबर वाटे. त्यात ही रेघांची बातमी घरात गेली असती, तर कॉलेजलाही आजोबांचं बोट धरूनच जावं लागलं असतं.

“पुसून टाकू,” घार म्हणाली. “मग तो पुन्हा काढायला येईल आणि आपण त्याला बघू!”

ओलं फडकं घेऊन त्यांनी दारापासून मागे मागे जात रेघा पुसल्या. फाटकावरच्या आणि वाचनालयाच्या रेघा मात्र पुराव्याने पुसू दिल्या नाहीत. पुरावा समूळ नष्ट करायचा नसतो म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिघं सायकलवाल्याच्या जुन्या टायरांच्या ढिगामागे दबून बसली. धुकं असं, की समोर भिंत आहे हे केवळ आठवणीने कळत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

खर्र... खर्र...

कोणीतरी पाय ओढत येत होतं. शाळेच्या बाजूने. पावलं थांबली. भोंग्याने पुराव्याचा दंड इतका घट्ट धरला, की पुराव्याला पाच बोटांचा पुरावा मिळाला.

धुक्यातून एक हात बाहेर आला. नुसताच हात! तो भिंतीवर टेकला आणि बोटं चाचपत फिरू लागली. वर. खाली. पुन्हा वर.

“एक झाली... दोन झाल्या...” कोणीतरी पुटपुटलं. “तीन कुठे गेल्या?”

घारीने अंगठ्यावरचा तो जाड घट्टा पाहिला. चाळीस वर्षं कात्री धरल्याशिवाय तसा घट्टा पडत नाही. आणि तिला आजोबांच्या शिवणकामाच्या डब्यातला चपटा निळा खडू आठवला. कुठला तुकडा कुठे जोडायचा हे कळावं म्हणून ते कापडावर अशाच रेघा मारायचे. बाहीला एक, खांद्याला दोन.

“आजोबा!” ती ढिगामागून पुढे झाली.

ते दचकून वळले. क्षणभर त्यांनी घारीकडे नवं गिऱ्हाईक पाहावं तसं पाहिलं. ते बघणं तिला त्या हातापेक्षाही भयंकर वाटलं.

“घारे? तू होय! एकटीच काय करतेस इथे?”

“तुम्ही काय करताय?”

“सराव.” आजोबा ओशाळले. “शाळेपर्यंत जमतं गं. पण परत फिरलो की सगळी वाट उसवल्यासारखी होते. तुला सोडून येताना मी एकटाच असणार ना? आईला सांगू नकोस. घरात बसवून ठेवतील मला.”

“नाही सांगणार,” ढिगामागून भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच हळू.

घारीने सांगितलं नाही. जेवताना फक्त विचारलं, “आई, मला शाळेत सोडून आजोबा घरी कसे येणार?”

“कसे म्हणजे? चालत!”

“एकटे?”

“मग काय...” आईचा घास हातातच राहिला. बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं. अकरा वर्षांची मुलगी वाट चुकेल म्हणून घरात आठवडाभर चर्चा झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाबद्दल एक मिनिटही नाही.

आजोबांनी खिशातून निळा खडू काढला आणि ताटाशेजारी ठेवला. मग त्यांनीच सगळं सांगितलं.

“आमच्या लक्षातच आलं नाही,” आई म्हणाली. “तुझ्या आलं. म्हणजे तू एकटी जाण्याइतकी मोठी झालीस.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. या वेळी हातात वर्तमानपत्र नव्हतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी घार एकटी गेली. बाबांनी कामावर जाताना आजोबांना वाचनालयात सोडलं. शाळा सुटल्यावर घारीने तिथून त्यांना घेतलं आणि दोघं निघाली. प्रत्येक कोपऱ्यावर आजोबा भिंतीला हात लावून मोजत होते.

“सात,” दारात ते म्हणाले. “बरोबर आणलंस हो!” मग चष्मा वर करून चौकटीकडे वाकले. “या तुम्ही पोरांनी काढल्यात ना? फार जाड आल्यात. खडू धारेवर धरायचा असतो.”

“मग शिकवा!”

“उद्या,” आजोबा म्हणाले. “घ्यायला वेळेवर ये.”