डब्यातल्या चिठ्ठ्या

टाचणीबाईंच्या कचेरीत पाहुण्यांसाठी दोनच खुर्च्या होत्या आणि त्यातली एक लंगडी होती. नवरा-बायको आले तेव्हा नवऱ्यानं लंगडी खुर्ची आपणहून स्वतःकडे ओढली. हेडक्लार्कना माणूस तिथंच आवडला.

हेडक्लार्क म्हणजे एके काळचे हेडक्लार्क. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोचं डोकं खाऊ लागले. शेवटी तिनंच त्यांना टाचणीबाईंकडे पिटाळलं. बाई वकिलांसाठी खासगी तपास करायच्या. दडवलेली मृत्युपत्रं, पसार झालेले घरमालक, खोट्या सह्या असला सगळा माल. कॉलरला कायम चार टाचण्या खोचलेल्या असत, म्हणून हे नाव पडलं होतं आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे.

"माझ्यावर कुणीतरी डूख धरलाय," बायको म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. हात सोड्यानं खरखरीत झालेले होते. तिनं टेबलावर एका पत्राची नक्कल ठेवली.

"मी लग्न करून या देशात आले. राहायचा परवाना यांच्यामुळं मिळाला. तीन वर्षं एकत्र संसार झाला की तो स्वतःच्या नावावर होतो. परवा वीस तारखेला तीन वर्षं झाली. अर्ज द्यायला गेले, तर खिडकीतल्या माणसानं हे पुढं सरकवलं."

हेडक्लार्कनी मोठ्यानं वाचलं. "'हे लग्न नुसतं कागदावरचं आहे. दोघं घरात कधी एकत्र दिसत नाहीत. बाईची सुटकेस भरून पलंगाखाली तयार असते.' खाली सही नाही. वर तारीख पंधरा." ते थबकले. "पण आवक शिक्का तर चौदाचा! टायपिंगची चूक, दुसरं काय."

"तुम्ही नोकरीत तारखा चुकवल्यात का कधी?" बाईंनी विचारलं.

"दर जानेवारीत! पंधरा दिवस जुनंच साल लिहायचो. साहेब करवादायचे."

"हं," बाई म्हणाल्या, आणि कॉलरची एक टाचणी काढून त्यांनी ती त्या तारखेपाशी टोचली.

"सत्तावीसला सुनावणी आहे," बायको म्हणाली. "त्यांना पटलं नाही तर महिन्याभरात देश सोडायचा. तिकडं माझं कुणी उरलेलं नाही, बाई. आईचं घरसुद्धा विकलं गेलं."

नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्यानं कुणी केलंय त्याला शोधाच," तो म्हणाला. तो बेकरीत रात्रपाळीला होता. संध्याकाळी साडेसातला घर सोडायचा. बायको धुलाईघरानंतर एका ऑफिसची साफसफाई करून आठला पोचायची आणि सकाळी तो परतायच्या आत निघायची. रविवार तेवढा दोघांचा.

"मग बोलता कधी?" हेडक्लार्कनी विचारलं.

बायको पहिल्यांदाच हसली. तिनं पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, तीन वर्षांच्या. "हा आमचा संसार. निघताना प्रत्येकानं एक लिहून ठेवायची. सुनावणीत हाच दाखवणारे."

"कशाला?" नवरा म्हणाला. "घरातल्या खासगी गोष्टी चार लोकांत कशाला उघड्या करायच्या?"

"परवान्यापुढं कसलं आलंय खासगी!"

बाईंनी वरच्या मूठभर चिठ्ठ्या चाळल्या. बायकोच्या अक्षरात होतं, 'सूप आहे, गरम करून घ्या, आळस नको.' नवऱ्याच्या अक्षरात, 'ता. ६. प्लंबर आज येऊन नळ बदलून गेला. आता भांडी घास की रडत बस.' त्यांनी ती चिठ्ठी जरा जास्तच वेळ धरून ठेवली, असं हेडक्लार्कना वाटलं.

"सुटकेस खरंच पलंगाखाली होती?" बाईंनी विचारलं.

"हो, पण त्यात थंडीचे कपडे आहेत! कपाटावर असते. अकरा तारखेला, रविवारी, मीच खाली काढून पलंगाखाली सरकवली."

"त्यानंतर घरात कोण आलं?"

"फक्त वन्सं. बाराला आल्या होत्या." बायकोनं नवऱ्याकडे चोरटं बघितलं. "त्यांना मी पहिल्यापासून नकोशी आहे."

नवरा खुर्चीचा लंगडा पाय सावरत बसला.

दुसऱ्या दिवशी बाई आणि हेडक्लार्क आधी घरमालकिणीकडे गेले. तिला ती खोली रिकामी हवी होती आणि तिनं ते लपवलंही नाही. "नवा भाडेकरू दीडपट देईल. पण पत्रंबित्रं लिहायला मला वेळ कुठं आहे?"

"त्यांच्या घरात शेवटचं कधी गेला होतात?"

"प्लंबरला घेऊन, पाच तारखेला. चांगलं आठवतंय, त्याच दिवशी माझे डोळे तपासले. डॉक्टरची पावती दाखवू?"

बाईंनी पावती मागून घेतली, नीट बघितली आणि जवळ ठेवून घेतली. हेडक्लार्कना हे भलतंच वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा इथं काय संबंध?

नणंद शाळेची बस चालवायची. गाडी पुसता पुसताच ती बोलली. "मला ती आवडत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. माझ्या भावाला तिनं दोन नोकऱ्या करून लाजवलं. सुटकेस? बघितली की. विचारलंही, पळून चाललीस का म्हणून. पण निनावी पत्र?" तिनं फडकं पिळलं. "मला शिव्या द्यायच्या असल्या तर मी सही करून देते."

"हीच," रस्त्यावर आल्यावर हेडक्लार्क म्हणाले. "मालकीण पाचला आली, सुटकेस अकराला खाली आली, म्हणजे मालकीण बाद. उरली नणंद. झालं की!"

"अर्धं झालं," बाई म्हणाल्या. "तुम्ही संध्याकाळी बेकरीत जा. नवरा चौदाच्या सुमारास कामावर होता का तेवढं बघा."

हेडक्लार्क रात्री साडेआठला फणफणत परतले. "रोज कामावर होता, एक खाडा नाही. आणि पाव मात्र मिळाला नाही! ट्रे नुसते लावून ठेवलेले, कणीक अजून मळतायत, आणि प्रत्येक ट्रेवर चोवीस तारखेचं लेबल. हे बघा, एक उचलूनच आणलंय. आज तेवीस आहे म्हटलं, तर फोरमन हसला. म्हणे, इथं पाळी सुरू झाली की उद्याच असतो."

टाचणीबाई खुर्चीत मागं रेलल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "हेच नको होतं," त्या म्हणाल्या.

चोवीसला दुपारी पाचही जण कचेरीत जमले. नणंदेनं बसायला नकार दिला. नवऱ्यानं पुन्हा लंगडीच खुर्ची घेतली.

"पत्र लिहिणाऱ्याला सुटकेस ठाऊक होती," बाईंनी सुरुवात केली. "म्हणून मालकीण सुटली. उरली ती अकरा तारखेनंतर घरात पाय ठेवलेली माणसं."

बायकोनं नणंदेकडे बघितलं. नणंदेनं नजर हलवली नाही.

"आता तारीख. पत्र चौदाला पोचलं, वर मात्र पंधरा. हेडक्लार्क चूक म्हणाले. पण चुकणारा माणूस मागं चुकतो. जुनं साल लिहितो, कालची तारीख लिहितो, कारण हाताला ती सवय असते. पुढची तारीख चुकून कोण लिहील? ज्याच्या हाताला उद्याची सवय आहे तो."

हेडक्लार्कच्या डोक्यात ट्रेवरची लेबलं एकदम उभी राहिली.

"हे माझ्या मनाचे खेळ असू शकतात, म्हणून ताळा बघितला." बाईंनी डब्यातली चिठ्ठी पुढं केली. "'ता. ६. प्लंबर आज येऊन गेला.' प्लंबर पाचला आला. मालकिणीचे डोळे त्याच दिवशी तपासले, पावतीवर पाच आहे. संध्याकाळी कामावर निघताना लिहिलेली चिठ्ठी, आणि तारीख दुसऱ्या दिवशीच्या पावाची. बाकीच्याही बघा. यांच्या सगळ्या चिठ्ठ्या एक दिवस पुढं आहेत."

बायको चिठ्ठीकडे बघत राहिली. "मी चिडवायची यांना," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला म्हातारं व्हायची घाई झालीय म्हणून."

"डबा सुनावणीत नको, असं हे म्हणाले ते यासाठीच. आणि पत्र चौदालाच का? कारण वीसला तीन वर्षं पूर्ण होत होती. त्याच्या आत चौकशी लागायला हवी होती."

नवऱ्याच्या खुर्चीचा पाय करकरला. "मला एकट्यानं राहायचं होतं," तो म्हणाला. "वर्षभर सांगेन सांगेन म्हणत होतो. जीभ रेटेना. तुला काढून दिलं असतं तर सगळ्यांनी मला नावं ठेवली असती. सरकारनंच पाठवलं असतं, तर..."

"तर तू बिचारा," नणंद म्हणाली. "आणि नाव माझ्यावर गेलं असतं तरी तुला चाललं असतं. त्या दिवशी हिनं माझं नाव घेतलं तेव्हा तू तोंड उघडलंस?"

"गेल्याच आठवड्यात मी तुमच्यासाठी लोकरीचा मफलर काढला त्या सुटकेसमधून," बायको म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "तुम्ही नुसतं चिठ्ठीत लिहिलं असतं ना, तरी मी समजले असते. मी पत्र हातात पडल्यापासून जेवले नाहीय. आणि तुम्ही रोज लिहून ठेवत होता, 'काळजी करू नको.'"

टाचणीबाईंनी कोरा कागद नवऱ्यापुढं ठेवला. "कायदा एवढंच विचारतो, तीन वर्षं एका घरात संसार झाला का. झाला. पुढं कुणाला काय हवं होतं हा वेगळा प्रश्न. पत्र मी लिहिलं, ते खोटं आहे, असं सहीनिशी लिहा. नाही लिहिलंत तर हा डबा, लेबल आणि पावती मी सत्तावीसला अधिकाऱ्यापुढं मांडते, आणि खोट्या तक्रारीचं काय होतं ते तुमचं तुम्ही बघा."

"साक्षीला मी येते," नणंद म्हणाली. मग भिंतीकडे बघत बायकोला म्हणाली, "माझ्याकडे एक खोली आहे. आवडत नाहीस ते नाहीसच. पण ये."

नवऱ्यानं लिहायला घेतलं. सहा ओळी लिहिल्या, सही केली, आणि सहीखाली हातानं आपोआप तारीख घातली. पंचवीस.

सगळ्यांनी ती बघितली. त्यालाच फक्त कळलं नाही.

बायको उठली. तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, पंचवीसवर आडवी रेघ मारली आणि पेन पुन्हा त्याच्या बोटांत दिलं.

"आज चोवीस आहे," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं नवऱ्याला अरे-तुरे केलं. "एकदा तरी आजची तारीख लिही. उद्या मी तिथं नसेन."