उष्टी दुर्बीण

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सुजय बायकोची दुर्बीण पुसायला घ्यायचा. खाडीवरची हवा खारट. भिंगावर मिठाचा पांढुरका थर बसतो आणि तो तसाच राहिला की भिंगाची वाट लागते. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण दुर्बीण त्याने हौसेने आणून दिलेली, आणि खरं सांगायचं तर रविवारची अख्खी सकाळ दिपिका त्याच्याशिवाय घालवून यायची. त्या सकाळीला मागून का होईना, आपला हात लागावा, असं त्याला वाटायचं. याला कुणी प्रेम म्हणेल, कुणी आणखी काही. सुजय स्वतः प्रेमच म्हणायचा.

सुजय वरसे गावचा, भातशेतीवाल्या घरातला, कंपनीत तिन्ही शिफ्ट करणारा. दिपिका कासूच्या पलीकडची, खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्यांची लेक. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माहेरी आता तिचं कुणी उरलं नव्हतं, पण खाडी होती. थंडी सरली, शिमग्याचे दिवस आले, की मिठागरांच्या पाण्यावर परतीचे पक्षी जमतात. उत्तरेकडे निघायच्या आधी महिनाभर पोट भरून घेतात आणि एका सकाळी सबंध थवा नाहीसा होतो. ते बघायला पुंडलिककाका दर रविवारी आठ-दहा जणांना बांधावरून फिरवून आणायचे. काका पूर्वी मिठागरात मुकादम होते, दिपिकाच्याच गावचे. त्यांच्याबरोबर ती जायची. पहाटेच्या गाडीने कासू, अकराच्या आत घरी.

तर त्या दुपारी पुसता पुसता सुजयचा हात थांबला.

दुर्बिणीला उजव्या डोळ्यापाशी एक चकती असते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसला तर ती फिरवून आपल्या नजरेला बसवायची, आणि एकदा बसवली की मग तिला हात लावायचा नाही. दिपिकाचा उजवा डोळा थोडा कमजोर. तिने चकती दोन रेघा पुढे घेऊन तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. आज चकती पार उलट्या टोकाला गेलेली होती.

"काय गो, ही कुणी फिरवली?"

"लागला असेल धक्का," दिपिका भांडी विसळत म्हणाली. वळून काही बघितलं नाही तिने.

धक्क्याने ती चकती फिरत नाही. चांगली घट्ट असते. सुजयने गपचूप ती ठिपक्यावर आणून ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा तीच गत. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच उलटं टोक, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही.

मग मात्र त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुणीतरी दिपिकाच्या दुर्बिणीतून बघत होतं. तिच्या चेहऱ्याची ऊब असलेल्या रबरावर आपले डोळे टेकवत होतं, आपल्या नजरेला चकती बसवून घेत होतं, आणि ती घेऊ देत होती. एकाच पेल्यातून पाणी प्यावं तसं. दुर्बीण उष्टी होऊन घरी येत होती आणि आपण मूर्खासारखे ती पुसत होतो, या विचाराने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गणेश त्याचा शाळेतला मित्र. रोह्याच्या बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान. सुजयने दुर्बीण त्याच्यापुढे ठेवली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "असं टोकाला फिरवून कोण बघत असेल रे?"

गणेशने डोळ्याला लावून बघितलं, चकती चाचपली, पुन्हा बघितलं. "उजवा डोळा पार गेलाय त्याचा. आणि मला विचारशील तर, गेलेल्या डोळ्याला चकती फिरवून पण काय उपयोग नाय. त्याला दिसणारच नाय काय."

"पण तो बघतो."

"कोण?"

सुजयने दुर्बीण उचलली आणि निघाला. आता त्याला गडी सापडला होता: उजवा डोळा गेलेला. चार दिवस त्याने काकांबरोबर फिरणाऱ्या मंडळींचे रविवारचे फोटो मोबाइलवर मोठे करकरून एकेकाचे डोळे तपासले. एक निवृत्त मास्तर, दोन कॉलेजच्या पोरी, पनवेलहून येणारं जोडपं, बँकेतला एक टकला. सगळ्यांचे डोळे धडधाकट. शेवटी न राहवून त्याने पुंडलिककाकांना फोन लावला.

"काका, दिपिका कुणाबरोबर चालते ओ?"

पलीकडे वारा घोंघावत होता.

"एकटीच चालते, जावयबापू. समद्यांच्या मागं. चाळीस-पन्नास पावलं."

"तुम्ही मागे बघता ना? तुमचं लक्ष असतं ना?"

"मिठागराच्या बांधावर मी मागं बघत नाय," काका म्हणाले. "पयल्यापास्नं नाय." आणि फोन ठेवून दिला.

म्हातारा सामील आहे, असाच अर्थ सुजयने काढला. मत्सराचं असंच असतं, त्याला सगळं आपल्याच बाजूने ऐकू येतं.

पुढच्या रविवारी फर्स्ट शिफ्ट आहे असं सांगून तो अंधारातच बाइक घेऊन निघाला आणि गाडी यायच्या आधी बांधावर पोचला. मिठाच्या राशी झाकायच्या पेंढ्यांची एक खोप होती, तिच्या आडोशाला बसला. उजाडत होतं. पाण्यावर पातळ धुकं, त्यात कुजक्या चिखलाचा नि तिवरांचा वास. भरतीचं पाणी बांधाच्या उघडीतून, त्या लाकडी झडपेतून, आत येताना एकसारखं गुळगुळ वाजत होतं. धुक्याच्या आत कुठेतरी हजारभर पक्षी हलक्या आवाजात बोलत होते. दिसत एकही नव्हता.

मंडळी आली. पुढे पुंडलिककाका, काठी टेकत, मान खाली. मागे मास्तर, पोरी, जोडपं, टकला. गेली. मग बांध रिकामा झाला, आणि बऱ्याच वेळाने दिपिका आली.

एकटी होती.

सुजयला इतकं हलकं वाटलं की त्याचे डोळे भरून आले. तिच्यावर संशय घेतला म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आडोशातून बाहेर येऊन तिला हाक मारावी म्हणून तो उठणार, तेवढ्यात ती थांबली. धुकं जरा विरळ झालं होतं आणि पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे उभे होते. दिपिकाने दुर्बीण लावून ते बघितले. मग पट्टा गळ्यातून काढला, आणि न बघता, सवयीने, दुर्बीण उजव्या हाताला पुढे केली.

आणि हात मोकळा करून खाली घेतला.

दुर्बीण खाली पडली नाही. ती हळूच वर गेली, दिपिकाच्या डोक्याच्याही वर, उंच माणसाचे डोळे असतात तिथपर्यंत. पट्टा खाली लोंबत होता, थोडा हलत होता. मग चकती फिरल्याची बारीकशी करकर झाली, त्या शांततेत अगदी स्पष्ट. दुर्बीण शेकाट्यांवरून सावकाश फिरत गेली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण सुजयला आधी भीती वाटलीच नाही. त्याची नजर दिपिकाच्या चेहऱ्यावर होती. ती त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघत होती आणि हसत होती. लग्नाच्या फोटोत नाही, बारशा-साखरपुड्यात नाही, सुजयने हे हसू आजवर कधीच बघितलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. ते तिच्याजवळ होतं, आणि ती ते इथे आणून देत होती.

"दिपिका!" तो ओरडत बाहेर आला.

सगळं पाणी एकदम उठल्यासारखे पक्षी उडाले. पंखांचा तो आवाज डोक्यावरून गेला, आणि दुर्बीण वळली. सावकाश. तिची दोन्ही काळी तोंडं सुजयवर येऊन थांबली.

मग ती खाली आली आणि दिपिकाने ती झेलली.

"उडवलेत ना सगळे," ती म्हणाली. लाज नाही, घाबरणं नाही, नुसती नाराजी.

"कोण आहे हा?"

"मला कुठे माहीत? लहानपणापासून येतो. काय करत नाही. बघायला मागतो फक्त."

"बघतो काय एवढं?"

"जे जाणार असतात ना, ते. परतीचे." तिने पट्टा गळ्यात घातला. "इथल्या पक्ष्यांकडे ढुंकून बघत नाही. बगळा दाखवा, खंड्या दाखवा, नाही बघत. मी आठवीत होते तेव्हा आईकडे बघायचा. तीन-चार दिवस बघत होता. मग आई गेली." ती जरा थांबली. "तुम्ही यायला नको होतं हो..."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं सुजयच्या कानात शिरलं. तुम्ही यायला नको होतं. म्हणजे मी मधे आलो. त्याने तिच्या गळ्यातून दुर्बीण हिसकावून घेतली आणि चकतीला हात न लावता डोळ्यांना लावली. त्याला काय दिसतं ते मला बघू दे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सगळं दुधासारखं पांढरं. पाणी नाही, बांध नाही, दिपिका म्हणजे एक फिकट डाग. आणि त्या डागाच्या उजव्या खांद्याशी, केस न् केस मोजता यावा इतका स्वच्छ, एक उंच माणूस. छातीपर्यंत भिजलेला. पापण्यांवर मिठाचे खडे. उजव्या डोळ्याच्या जागी पांढरं, सोललेल्या अंड्यासारखं. सुजयने दुर्बीण खाली घेतली. दिपिका एकटी उभी होती. त्याने पुन्हा लावली. माणूस आता तिच्याजवळ नव्हता. चार पावलं अलीकडे होता, आणि मान जराशी वाकडी करून सुजयला न्याहाळत होता.

शहाणा माणूस पळाला असता. सुजय दुर्बीण डोळ्यांना तशीच धरून म्हणाला, "बायको आहे ती माझी... कळलं? माझी..."



त्या दिवसापासून दुर्बीण लोखंडी कपाटात कुलूपबंद झाली. किल्ली सुजयच्या खिशात, झोपतानासुद्धा. रविवारचं फिरणं बंद. दिपिकाने वाद घातला नाही. ती खिडकीत बसून राहायची, विचारलं तर बोलायची, वाढलं तर जेवायची. सुजय येता-जाता तिच्या तोंडाकडे बघायचा. ते हसू कुठे दडवलंय ते शोधायचा. एकदा रागाने, एकदा अगदी काकुळतीला येऊन त्याने विचारलंही, "माझ्याकडे बघून का नाय हसत तशी?"

"कशी?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तो थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आला. लख्ख ऊन पडलं होतं. बिल्डिंगखाली पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं तर भरतीच्या पाण्याचा, ओल्या चिखलाचा तो वास. त्याने खिसा चाचपला. किल्ली जागेवर होती. समोर लोखंडी कपाट, कुलूप जसंच्या तसं.

दिपिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुर्बीण तिच्या डोळ्यांना होती आणि रोख त्याच्यावर होता.

"दिपिका..."

तिने बोट ओठांवर ठेवलं. त्याला गप्प करायला नव्हे. बांधावर मागच्या माणसाला खूण करतात, तशी ती खूण होती. तिच्या उजव्या खांद्यामागून, हवेतूनच, एक घोगरा, पाणी भरल्यासारखा आवाज आला, अगदी मायेने, अगदी हळू.

"हलू नको गो... उडंल."

दिपिकाने दुर्बीण सावकाश डोळ्यांवरून काढली आणि न बघता उजवीकडे पुढे केली. आता तिचा चेहरा दिसला. ती हसत होती. तेच हसू, आणि आज त्या हसण्यासमोर दुसरं कुणी नव्हतं. सुजयकडे बघून ती हसत होती, त्याच्यातलं काहीही सुटू नये अशा नजरेने त्याला डोळ्यांत साठवून घेत होती.

दार त्याच्या मागे उघडंच होतं. दोन पावलं मागे टाकली असती तर तो जिन्यात होता, पोरांच्या आवाजात, उन्हात. त्याला ते कळतही होतं. पण तो हलला नाही. हलला असता तर ते हसू मोडलं असतं.

चकतीची करकर झाली.

दिपिकाने गाऊनच्या खिशातून छोटी वही काढली. पक्षी दिसला की जागा लिहायची, वेळ लिहायची, हा बांधावरचा शिरस्ता. पेन्सिल टेकवून तिने मान वर केली.

"किती वाजले हो?" तिने कुजबुजत विचारलं.

सुजयने मनगटावर बघितलं. "सात वीस," तो म्हणाला.

तिने लिहून घेतलं.