दुपारच्या आत तयार झालेली कॅप

सकाळी सात चाळीसला शुभाताईंनी पार्सिपनी गावातल्या ‘सुमुख डेंटल लॅब’चे दार उघडले, अलार्मचा आकडा दाबला, दिवे लावले. भट्टीवर कालची चिठ्ठी तशीच होती: ‘बंद आहे. मेकॅनिक गुरुवारी तीनला.’ आज गुरुवार. त्यांनी कुरिअरची खोकी मांडली, आपला कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या एआय असिस्टंटकडे रोजच्यासारखे मुद्दाम दुर्लक्ष केले.

एकोणीस वर्षे बत्तीस डेंटिस्टांच्या ऑर्डरी त्यांच्या हातून गेल्या होत्या. दाताची कॅप कोणाला लिहिलेल्या रंगाहून एक छटा उजळ लागते, हे कारागिरांना त्या सांगत. मार्चपासून ते असिस्टंट सांगू लागला. डॉक्टरांच्या सवयींच्या यादीशी तो रात्रभरात आलेल्या ईमेल ताडून पाही आणि सव्वादहाला कामाच्या चिठ्ठ्या छापून मोकळा होई. लॅबची मालकीण रीमा लहानपणी शुभाताईंच्याच टेबलाखाली बसून होमवर्क करायची. ती कौतुकाने म्हणाली होती, ‘मावशी, ही इज सो गुड!’ तेव्हा त्यांना सवतीची स्तुती ऐकल्यासारखे झाले होते.

नऊ वाजता डॉ. फेल्डमन यांचा फोन आला. कॅप पुन्हा गडद निघाली होती, आणि पेशंट खुर्चीत बसलेला होता. तीन आठवड्यांतली ही चौथी कॅप.

रीमाने शुभाताईंना केबिनमध्ये बोलावून दार लावले.

“मावशी, स्कॅनिंगवाल्या नकुलने हातातलं काम बाजूला ठेवून कोणी कधी काय बदललं त्याचा सगळा लॉग चेक केला. यादीत कोणीतरी ‘उजळ’चं ‘गडद’ करतं, आणि चिठ्ठी छापली की परत पूर्वीसारखं करतं. चारही वेळा तुझ्या कॉम्प्युटरवरून.”

“किती वाजता?”

“दहा ते साडेदहा.”

“तेव्हा मी पॅन्ट्रीत तुम्हा सगळ्यांचा चहा करत असते.”

“एकटीच ना? कोणी पाहिलंय?”

शुभाताईंनी नकारार्थी मान हलवली.

“तुला असिस्टंट आवडत नाही, हे सगळ्यांना माहितीये. फेल्डमन गेले तर लॅब चालणार नाही. पाचपर्यंत दुसरं काही कळलं नाही तर मला तुला जायला सांगावं लागेल. आय ॲम सॉरी.”

बाहेर सौमित्र उभा होता. कॅपवर पोर्सिलेनचे थर चढवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. “चेहरा असा का, शुभाताई? फेल्डमनचं काम ना? मी आहे की!” बोलता बोलता तो शीळ घालत बेंचकडे गेला.

अकरा वाजता त्याने एक डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. कॅप हुबेहूब हव्या त्या रंगाची होती आणि मोत्यासारखी चमकत होती. शुभाताई कुरिअरचे लेबल लावू लागल्या आणि मध्येच थांबल्या. डबी घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या आणि त्यांनी सौमित्रलाही बोलावून घेतले.

“ही कधी केलीत?”

“आत्ताच. तुमच्यासाठी जिवाचं रान केलं.”

“भाजली कुठे?”

सौमित्रने काचेतून भट्टीकडे पाहिले.

“फेल्डमनकडून आलेली जुनीच दुरुस्त केली,” शेवटी तो म्हणाला.

“ती अजून त्यांच्याकडेच आहे.” शुभाताई रीमाकडे वळल्या. “भट्टीशिवाय पोर्सिलेन पक्कं होत नाही. आणि भट्टी चालू असली तरी एका कॅपला दीड दिवस लागतो. आधीच्या तिन्ही बदली कॅप्स मात्र तक्रार आली त्याच दिवशी, दुपारच्या आत निघाल्या. खोकी मीच बांधली, तरी माझ्या लक्षात आलं नाही. याचा अर्थ बरोबर रंगाची कॅप तक्रारीच्या आधीच तयार असायची. सौमित्र दोन कॅप्स करायचे. चिठ्ठीप्रमाणे केलेली गडद पाठवायची, आणि खरी ड्रॉवरमध्ये ठेवायची. यांच्या बेंचवर कॉम्प्युटर नाही. माझा मी चहाला जाताना उघडाच टाकून जाते.”

“काका?” रीमाचा आवाज बारीक झाला.

सौमित्र खुर्चीत बसला. “बावीस वर्षं डॉक्टर मला फोन करायचे. ‘सॅम, जरा उजेडात धरून बघ,’ म्हणायचे. मार्चपासून एक फोन नाही. सगळे त्यालाच विचारतात! त्याने कधी दात पाहिलाय? या तीन आठवड्यांत फेल्डमन चारदा माझ्याशी बोलले.”

“आणि माझी नोकरी?” शुभाताईंनी विचारले.

“मला वाटलं, मशीनलाच काढतील. तुमचं नाव येईल हे खरंच डोक्यात आलं नाही, ताई.”

“आधी डॉ. फेल्डमनना फोन करा, माझ्यासमोर. चूक कोणाची ते सांगा,” रीमा म्हणाली. “मग घरी जा. पुढचं उद्या बोलू.”

फोन झाला. सौमित्र खाली मानेने निघून गेला. रीमाने शुभाताईंचा हात धरला. “मावशी, मला माफ कर. पण त्यांनी असं का केलं असेल, हे तुला इतकं लगेच कसं कळलं?”

“मीही तेच करते म्हणून.” शुभाताईंनी हात सोडवून घेतला. “त्या यादीत मी एकवीसच डॉक्टरांच्या सवयी दिल्या. अकरा जणांच्या स्वतःकडेच ठेवल्या. तो अडला की तू माझ्याकडे धावत येतेस, आणि मला बरं वाटतं. मी खोटं लिहिलं नाही, एवढाच काय तो फरक.”

“त्या दिल्यास तर...” रीमाने वाक्य अर्धवट सोडले.

“हो. तर उद्या कदाचित मी लागणारही नाही. मला हिशेब कळतो, बाळा.”

त्या टेबलाशी आल्या. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि असिस्टंटची यादी पहिल्यांदाच स्वतःहून उघडली. बाविसावे नाव लिहिले. त्याखाली, दाढेची कॅप किंचित बुटकी चालते. तेविसावे. चोविसावे. रीमा दारात येऊन उभी राहिली. शुभाताईंनी मान वर केली नाही. बत्तिसावे नाव लिहून झाल्यावर त्यांनी सगळी यादी एकदा वरून खाली वाचली, एक चूक सुधारली आणि ‘सेव्ह’ दाबले.