उत्तर पूर्ण वाक्यात द्या

"धुरपदाबाई, आणखी एकदा... केळ्यांची फणी हौदातून काढा, कॅमेऱ्याकडे बघा आणि हसा!"

रावेरच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये हे वाक्य मी पाचव्यांदा म्हणत होते. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि मालकाला हवी होती एक गोडगोड फिल्म. सगळे कामगार हसणार आणि मागून भारदस्त आवाज 'हिरवं सोनं' म्हणणार! मी जैनब, भुसावळची. आठ वर्षं लग्नांच्या शूटिंगमध्ये लोकांना हसायला सांगून सांगून माझं स्वतःचं हसू पार आटलं होतं.

"हसवताय त्यांना, का छळताय?"

मी वळून पाहिलं. खोक्यांच्या थप्पीआड एक जण कॅमेरा लावून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, शर्टावर केळीच्या चिकाचे डाग.

"आपण कोण?"

"शेहजाद. धुळ्याचा. यांच्या कामावर डॉक्युमेंटरी करतोय. चार दिवस झाले इथे बसून. आजच्या माझ्या प्रत्येक शॉटमध्ये तुमचं 'हसा' आलंय."

"मग काढून टाका."

"मी काही काढत नाही... घालतही नाही. कुणाला विचारत नाही, थांबवत नाही. नुसतं बघतो."

"वा! म्हणजे काम काहीच नाही."

धुरपदाबाईंनी हातातली फणी हौदात सोडून दिली. "व माय! भांडा तुमी खुशाल. मले बसू द्या घडीभर, कंबर मोडली."

मी ओशाळले. तो मात्र हसला, आणि मला वाटलं, बाई गं, याला कुणी 'हसा' म्हणायची गरजच नाही.

चहा पिताना तो म्हणाला, "माझा साउंडवाला सोडून गेला."

"मला विचारताय का?"

"नाही... सांगतोय."

असा माणूस! शेवटी मीच म्हटलं, "रविवारी येते."

मग वर्षभर माझे रविवार रावेरला गेले. आठवडाभर लग्नं, रविवारी केळी. खांदे भरून यायचे, पाय सुजायचे. तो धुळ्याहून एसटीनं यायचा, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग घेऊन पेंगत. पण माझं स्टूल कायम सावलीत असायचं. ते कुणी सरकवलं, हा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

भांडण मात्र दर रविवारी.

"विचारल्याशिवाय माणूस कळतो होय?" मी म्हणायचे.

"विचारलं की माणूस बरं दिसेल तेच बोलतो. गप्प बघत राहिलं की खरं दिसतं."

"दिसतं, पण बघणाऱ्याला! ज्याला बघताय, त्याला काय कळणार... कपाळ?"

"बठ्ठं समजस माले," सगळं कळतं मला, असं तो आपल्या अहिराणीत म्हणायचा आणि कॅमेऱ्यामागे तोंड लपवायचा.

आमचं चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर. ते नंतर जुळावेत म्हणून प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला मी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, अशी आमची पद्धत. एका सकाळी घरी ते जुळवायला बसले आणि पाहतच राहिले. कॅमेरा टाळीच्या कितीतरी आधीच सुरू झालेला! मी ओढणी सावरतेय... चहावर फुंकर मारतेय... स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घेतेय. प्रत्येक शॉटच्या आधी मीच.

लबाड कुठला! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला वाटलं, आता बोलेल. तीन महिने वाट पाहिली. बोलेल तर शपथ! आणि इकडे अम्मीनं यावेळी माझं काहीही ऐकायचं नाही, असं ठरवून टाकलं.

"शुक्रवारी जळगावचं स्थळ येतंय," मी त्याला सांगितलं. "अम्मी होकार देऊनच मोकळी होणार आहे."

"हं," तो म्हणाला, आणि लेन्स पुसत बसला.

मी चिडलेसुद्धा नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. वाटलं, जाऊ दे, देऊन टाकावा होकार.

तो शूटिंगचा शेवटचा दिवस होता. मी वायरी गुंडाळत होते. धुरपदाबाई हात पुसत जवळ आल्या. "पोरी, तो तुले पाहू रायला, तू त्याले पाहू रायली. मंग बोलनार कोन?"

खरंच की! मी गुंडाळलेली वायर परत सोडली. स्टूल ओढलं, कॅमेरा फिरवला आणि त्याच्या कॉलरला माइक अडकवला.

"बसा."

"जैनब, माझ्या फिल्ममध्ये मुलाखत बसत नाही."

"माझ्या फिल्ममध्ये बसते. नियम ऐका. माझे प्रश्न नंतर कापले जातात, म्हणून नुसतं हो-नाही चालत नाही. उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. नाव?"

"शेहजाद."

"पूर्ण वाक्यात."

"माझं नाव शेहजाद आहे."

"टाळीच्या आधी कॅमेरा का सुरू करता?"

त्याचे कान लाल झाले. हेडफोनमध्ये त्याचा अडखळलेला श्वास मला अगदी कानाशी ऐकू आला.

"टाळीच्या आधी कॅमेरा सुरू करतो, कारण... टाळी वाजवली की तू फ्रेमबाहेर निघून जातेस."

मी पुढचा प्रश्न विचारलाच.

"शुक्रवारी ते लोक येताहेत. चालेल तुम्हाला?"

"नाही."

"पूर्ण..."

"जैनबला बघायला शुक्रवारी कुणी आलेलं मला चालणार नाही! गुरुवारी मी माझ्या अम्मी-अब्बांना घेऊन भुसावळला येतो." त्यानं कॉलरचा माइक सरळ केला. "मी विचारलं नाही, कारण मी भित्रा आहे. तू नाही म्हणालीस तर रविवारी यायचं कुठे? मला तुझ्याशी लग्न करायचंय, जैनब. तू करशील?"

वर्षभरातला त्याचा पहिला खरा प्रश्न.

"मी दमलेय, शेहजाद," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, पण पुसायचाही कंटाळा. "फार दमलेय. आणि यापुढे दमायचंच असेल, तर मला तुझ्याबरोबर दमायचंय."

लाजून मी कॅमेरा बंद करायला गेले. त्यानं माझा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "आणि ऐक... तुझा आवाज कापायचा नाही."